पडद्यावरचे फायटर खरे किती फायटर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका वाक्यात सांगा, सगळ्यांत भारी कोण?

कंग ले.

हे नाव निम्म्या लोकांनी ऐकलेलंही नसतं, म्हणून पुढची वाक्यंही वाचा. व्हिएतनाममध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला हा गडी. लाथा, बुक्क्या आणि उचलून आपटणं, तिन्ही चालतं अशा चिनी सांडा प्रकारात त्याने १७ लढती केल्या आणि १७ जिंकल्या. २९ मार्च २००८ ला फ्रँक शॅमरॉकसारख्या मुरलेल्या एमएमए (सगळ्या शैलींची मिश्र मारामारी) फायटरचा हात त्याने लाथा घालघालून मोडला आणि स्ट्राइकफोर्स या एमएमए स्पर्धेचा मिडलवेट पट्टा कमरेला बांधला. आता ‘द ग्रँडमास्टर’ची सुरुवात आठवा. पाऊस कोसळतोय, टोनी लेउंगने डोक्यावर पांढरी हॅट घातली आहे आणि त्याच्याशी भिडणारा धिप्पाड माणूस शेवटी सपाटून मार खातो. तो मार खाणारा कंग ले. टोनी लेउंग नट म्हणून थोर, पण त्याला मारामारीचा गंधही नव्हता. त्या सिनेमासाठी विंग चुन ही चिनी कुंग फूची शैली शिकताना त्याचाच हात मोडला होता.

या धंद्याची ही अलिखित रीत आहे. हिरोचा दबदबा वाढवायचा तर समोर खराखुरा चॅम्पियन उभा करायचा आणि त्याला पाडायचं. त्यामुळे खरा लढवय्या शोधायचा असेल तर पोस्टरवर मधोमध पाहू नका, शेवटच्या रिळात जमिनीवर कोण पडलंय ते पाहा.

‘खरं कौशल्य’ तुम्ही कशाला म्हणता?

कोल्हापुरात मर्दानी खेळ पाहिलेत? दांडपट्टा फिरवणारी पोरगी जमिनीवर ठेवलेलं लिंबू असं चिरते की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. त्याच शहरात खासबागेच्या मातीत दोन पैलवान एकमेकांना खडाखडी करत जोखत असतात. मेहनत दोन्हीकडे खरी आहे. फरक इतकाच की पट्टेवालीसमोर लिंबू असतं आणि पैलवानासमोर पैलवान. लिंबू पट काढत नाही.

कराटे क्लासला गेलेल्या प्रत्येकाला हा फरक काता आणि कुमिते या नावांनी माहीत असतो. काता म्हणजे हवेत केलेला ठरलेला क्रम, कुमिते म्हणजे समोर माणूस. चीनमध्ये त्यालाच ताओलू आणि सांडा म्हणतात. कुमितेतही पुन्हा पोटजाती आहेत. कुठे नुसता स्पर्श झाला की पॉइंट, तर कुठे समोरचा आडवा होईपर्यंत सुट्टी नाही. म्हणून कुणाचंही नाव निघालं की मी तीन गोष्टी विचारतो: समोर कोण होता, नियम काय होते, वजन किती होतं? ‘सेटवर त्याने एकदा कुणालातरी असा हाणला’ छापाच्या गोष्टी मी चहाबरोबर ऐकतो आणि कपाबरोबर विसळून टाकतो.

ब्रूस ली खरंच लढायचा की सगळा कॅमेऱ्याचा खेळ?

लढायचा, पण लोकांना वाटतं तितक्या वेळा नाही.

कागदावर आहे ते एवढं: १९५८ मध्ये हाँगकाँगच्या आंतरशालेय बॉक्सिंग स्पर्धेत तो जिंकला. त्याच वर्षी तो चा-चा नाचाची स्पर्धाही जिंकला. ही दुसरी गोष्ट त्याचे भक्त हळू आवाजात सांगतात. मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते, कारण त्याच्या पायांची ती लय हवेतून आलेली नाही. विंग चुन तो इप मान या वस्तादाच्या शाळेत शिकला. अमेरिकेत १९६४ मध्ये लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत त्याने एका इंचावरून मारायचा ठोसा दाखवला, पण ते प्रात्यक्षिक होतं. त्या स्पर्धांत तो स्पर्धक म्हणून कधी उतरला नाही.

मग येते ती १९६४ च्या अखेरीची ओकलंडमधली बंद दाराआडची लढत, वाँग जॅक मॅनबरोबर. लीच्या बायकोच्या सांगण्यानुसार तीन मिनिटांत ली जिंकला. दुसऱ्या बाजूच्या साक्षीदाराच्या मते ती वीस-पंचवीस मिनिटं चालली आणि निकाल लागलाच नाही. कॅमेरा नव्हता, पंच नव्हता, त्यामुळे हा वाद आपण दोघं म्हातारे झालो तरी मिटणार नाही. पण एका मुद्द्यावर लीच्या बाजूचे लोकही आडपडदा ठेवत नाहीत: त्याला धाप लागली आणि स्वतःच्या लढण्यावर तो नाराज झाला. त्यानंतर त्याने दमसासावर काम केलं, बॉक्सिंग आणि तलवारबाजीतलं हवं ते उचललं आणि १९६७ पर्यंत आपल्या या नव्या पद्धतीला जीत कुन दो असं नाव दिलं. माझ्या लेखी ली मोठा ठरतो तो इथे. धाप लागल्यावर स्वतःची विद्या मोडीत काढणारे वस्ताद फार सापडत नाहीत. बहुतेक जण विद्यार्थ्यालाच दोष देतात.

‘एंटर द ड्रॅगन’ची सुरुवात पुन्हा पाहा. ली आणि सॅमो हंग, दोघांच्या हातांत बोटं उघडी राहणारे पातळ ग्लोव्ह्ज, आणि लढत संपते ती जमिनीवर, सॅमोने हात आपटून हार मानल्यावर. साल १९७३. पहिली यूएफसी, म्हणजे एमएमएची सगळ्यांत गाजलेली स्पर्धा, व्हायला अजून वीस वर्षं होती.

मग ली आणि चक नॉरिस खरेच भिडले असते तर?

‘वे ऑफ द ड्रॅगन’मधली कोलोसियमची लढत कुणाला पाठ नाही? मांजराचं पिल्लू, लीने नॉरिसच्या छातीवरचे उपटून फुंकलेले केस, आणि शेवटी हरलेल्याच्या अंगावर लीने घातलेला त्याचाच कराटेचा डगला आणि पट्टा. त्या दिवशी सेटवर स्पर्धेतला चॅम्पियन एकच होता, आणि तो डगल्याखाली होता.

नॉरिस अमेरिकन हवाई दलात असताना दक्षिण कोरियात तांग सू दो हे कोरियन कराटे शिकला. परत येऊन त्याने सुरुवातीच्या स्पर्धा हरल्या, मग जिंकायला लागला आणि १९६८ पासून सहा वर्षं व्यावसायिक मिडलवेट कराटेचा किताब त्याच्याकडे राहिला. ते कराटे बहुतांशी पॉइंटचं होतं, हे मान्य. पण समोर येणारा माणूस त्याला मारायलाच यायचा. पुढे नाव आणि पैसा सगळं हातात असताना तो ब्राझिलियन जुजुत्सूच्या, म्हणजे जमिनीवर धरून सांधे-गळे आवळायच्या विद्येच्या, मॅटवर नवशिक्यासारखा उतरला आणि मशाडो बंधूंकडून ब्लॅक बेल्ट मिळवला.

माझं मत विचाराल तर, दोघांच्या भरात, मोकळ्या नियमांत मी पैसे नॉरिसवर लावीन. त्याचं वजन जास्त, अनुभव जास्त. दोघं मित्र होते, एकत्र सराव करायचे आणि एकमेकांचं उचलायचे. भांडण त्यांचं नाही, आपलं आहे.

वजनाने खरंच एवढा फरक पडतो? कौशल्य असलं की झालं ना?

खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीतून कांस्यपदक आणलं ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात. त्यांना हेवीवेटच्या सुवर्णविजेत्याशी का नाही लढवलं, असं अख्ख्या सातारा जिल्ह्यात कुणी विचारत नाही. मग ६०-६५ किलोच्या ब्रूस लीला मुहम्मद अलीसमोर उभं करण्याची हौस का?

याला अपवाद आहे आणि तोही गाजलेला. १२ नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर, पहिली यूएफसी. वजनगट नाहीत, नियम जेमतेम. ८० किलोच्या आतबाहेरचा, बघायला कारकुनासारखा जुजुत्सूवाला रॉयस ग्रेसी एका रात्रीत तिघांना हरवून गेला, कारण जमिनीवर पडल्यावर काय करायचं हे त्या तिघांपेक्षा त्याला कितीतरी जास्त ठाऊक होतं. हे शहाणपण सगळ्यांकडे पसरल्यावर मात्र वजन पुन्हा वजनच झालं आणि यूएफसीलाही वजनगट आणावे लागले.

जॅकी चॅनला मारामारी येते का?

त्याला त्याहून अवघड काहीतरी येतं. हाँगकाँगमधल्या यू जिम-युएन गुरुजींच्या शाळेत लहानपणापासून तो पेकिंग ऑपेरा शिकला: कसरत, गाणं, मुद्राभिनय, शस्त्रं आणि चुकलं की छडी. सॅमो हंग आणि युएन बियाव तिथलेच. या शाळेने त्यांना वेळ साधायला शिकवलं. ठोसा नाकापासून किती बोटं दूर थांबवायचा, समोरच्याने मान कधी झटकायची, पडताना पाठ कुठे टेकवायची. १९८० च्या दशकात युगोस्लाव्हियात शूटिंग करताना जॅकी झाडावरून पडला आणि कवटी फुटली. एवढं होऊन पुन्हा उडी मारणाऱ्या माणसाला भेकड कोण म्हणेल? पण रिंगमधला फायटर तो नव्हे.

हा फरक एकाच प्रसंगात पाहायचा असेल तर ‘व्हील्स ऑन मील्स’ (१९८४) लावा आणि थेट शेवटाकडे जा. जेवणाचं मोठं दालन, टेबलावर मेणबत्त्या. समोर बेनी उर्कीडेझ, रिंगमधलं नाव ‘द जेट’. या माणसाने १९७७ मध्ये जपानला जाऊन तिथल्या किकबॉक्सरांना त्यांच्याच घरात नॉकआऊट केलं होतं. तो गरकन फिरून लाथ मारतो, लाथ जॅकीला चुकते आणि तिच्या वाऱ्याने मेणबत्त्यांची ओळच्या ओळ विझते. आता दोघांच्या खांद्यांकडे पाहा. जॅकी सुंदर आहे, पण प्रत्येक हालचाल जरा मोठी करतो, आपल्याला दिसावी म्हणून. बेनीचे खांदे सैल, हनुवटी आत, आणि ठोसा मारून झाला की हात आपोआप गालाशी परत. ती सवय शूटिंगसाठी शिकवता येत नाही. ज्याचा गाल कधीतरी उघडा सापडलाय त्याचाच हात तसा परत येतो. सिनेमात अर्थात बेनी हरतो. १९८८ च्या ‘ड्रॅगन्स फॉरएव्हर’मध्ये पुन्हा भेटतात, बेनी पुन्हा हरतो.

जेट ली तर राष्ट्रीय विजेता होता ना?

होता, आणि तेही सलग पाच वर्षं. ११ वर्षांचा असताना चिनी संघाबरोबर अमेरिकेत जाऊन त्याने अध्यक्ष निक्सनसमोर प्रात्यक्षिक केलं. फक्त ते विजेतेपद ताओलूचं. जिम्नॅस्टिक्समध्ये असतात तसे परीक्षक बसलेले, एकेकट्याने करायचा क्रम, आणि गुण हालचालीच्या शुद्धतेला. शरीरावर हुकूमत म्हणाल तर या पानावरच्या कुणाहीपेक्षा सरस. समोर माणूस घेऊन लढण्याचा त्याचा लेखाजोखा मात्र नाही आणि त्याने तसा आवही आणलेला नाही. याच कारणाने मला तो आवडतो.

मिशेल येओह?

बॅले. लंडनच्या परंपरेतलं शिस्तबद्ध बॅले आणि जबरदस्त जिगर. तिच्याबरोबर १९८५ च्या ‘येस मॅडम’मध्ये असलेली सिंथिया रॉथरॉक मात्र काता आणि शस्त्रांच्या स्पर्धांची विजेती. लढणारी बाई पाहायची असेल तर जिना करानो: एमएमएत सात विजय आणि एक हार. ती हार ऑगस्ट २००९ मध्ये क्रिस सायबोर्गकडून, पहिला राउंड संपायला एक सेकंद उरला असताना.

डॉल्फ लुंडग्रेन नुसता दांडगा दिसतो की काही येतंही?

या यादीत लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. सव्वासहा फुटांवर उंची, पिळदार अंग, सपाट चेहरा, म्हणून ‘ठोकळा’ समजतात. हा ठोकळा सिडनी विद्यापीठातून केमिकल इंजिनिअरिंगची मास्टर्स पदवी घेऊन आलेला. एमआयटीची शिष्यवृत्तीही मिळाली होती, ती सोडून सिनेमात गेला. आईबापांना काय वाटलं असेल ते सोडा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे १९८० आणि १९८१ चा तो युरोपचा क्योकुशिन कराटे विजेता. क्योकुशिनचा नियम ऐका: हातात ग्लोव्ह्ज नाहीत, अंगावर चिलखत नाही. तोंडावर ठोसा मारायचा नाही, पण बरगड्यांवर हवा तेवढा मारा. मांडीवर लाथ चालते, डोक्यावरही चालते. असं एका दिवसात अनेक जणांशी. ‘रॉकी ४’च्या वेळी स्टॅलोनला हौस आली, म्हणाला खरं मार. लुंडग्रेनने मारलं. स्टॅलोनच्या हृदयाला सूज आली, त्याला कॅनडातून विमानाने कॅलिफोर्नियाला हलवलं आणि कित्येक दिवस अतिदक्षता विभागात ठेवलं. सिनेमात कोण जिंकलं हे सांगायला नको.

मुख्य भूमिकांत गाजलेल्या नटांपुरतं बोलायचं तर उंची, वजन आणि रेकॉर्ड एकत्र धरून माझा पहिला नंबर लुंडग्रेनचा.

व्हॅन डॅम?

शोतोकान कराटे आणि तरुणपणी युरोपात फुल-कॉन्टॅक्टच्या लढती. १८ विजय आणि एक हार असा आकडा सगळीकडे फिरतो. आकड्याचं जाऊ द्या, तो रिंगमध्ये उतरला होता एवढं पक्कं. तरीही त्याच्याबद्दल माझं मत खाली आलं ते एका वेगळ्या कारणाने. १९८९ च्या ‘सायबोर्ग’च्या शूटिंगमध्ये त्याच्या हातातल्या नकली सुरीने एका सहकलाकाराचा डोळा गेला आणि न्यायालयाने चार लाख ८७ हजार ५०० डॉलर भरपाई द्यायला लावली. पडद्यावरच्या मारामारीत पहिलं कौशल्य म्हणजे समोरचा संध्याकाळी धडधाकट घरी जाणं. जॅकीच्या छडीवाल्या शाळेत ते आधी शिकवत.

‘ब्लडस्पोर्ट’मधली गुप्त कुमिते स्पर्धा खरी होती का, हेही इथेच विचारतात. सिनेमा ज्याच्या दाव्यांवर बेतला त्या दाव्यांवर १९८८ मध्येच ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने गंभीर शंका घेतल्या. बघा, मजा घ्या, इतिहास समजू नका.

स्टीव्हन सीगलबद्दल एवढी चेष्टा का होते? तो खोटा आहे का?

सीगलचं ऐकिडो, म्हणजे समोरच्याचा जोर वळवून त्याला पाडायची जपानी विद्या, खोटं नाही. जपानमध्ये राहून, तिथल्या दोजोत शिकवण्याइतकी मजल मारणारे परदेशी त्या काळी मोजके होते. अडचण ऐकिडोच्या स्वभावातच आहे. मुख्य परंपरेत स्पर्धा नाहीत, त्यामुळे हरण्याची सोय नाही आणि म्हणून मोजण्याचीही नाही. त्याच्याकडे धावत येणारे चेले इतक्या आज्ञाधारकपणे उडतात की आमच्याकडची नुरा कुस्तीही लाजेल. फेब्रुवारी २०११ मध्ये यूएफसीत अँडरसन सिल्व्हाने विटोर बेलफोर्टला समोरच्या लाथेने गार केल्यावर सीगलने श्रेयात वाटा मागितला. सिल्व्हानेही त्याचं नाव घेतलं, पण ती लाथ मुय थाईच्या, म्हणजे थाई बॉक्सिंगच्या, वर्गात पोरं पहिल्या महिन्यात शिकतात.

टोनी जा आणि ‘द रेड’वाले?

टोनी जा स्टंटमधून आलेला, ‘ओंग-बाक’मध्ये दोराशिवाय उडणारा अफाट गडी. पण थायलंडच्या रिंगमध्ये बाजार भरावा तशा रोज लढती होतात आणि त्याचं नाव तिथून आलेलं नाही.

‘द रेड’ हा इंडोनेशियाचा सिनेमा जास्त मजेदार. इको उवाइस सिलात या तिथल्या युद्धकलेचा पट्टीचा खेळाडू, यायान रुहियानही सिलातवाला. तिसरा जो तासलिम, हा कित्येक वर्षं इंडोनेशियाच्या राष्ट्रीय जुडो संघात होता. जुडोत समोरचा माणूस जॅकेट धरून खरोखर ओढत असतो, तिथे कुणी नियोजनाने पडत नाही. यायान पिस्तूल बाजूला ठेवतो, दोघं एका रिकाम्या खोलीत भिडतात, तासलिम त्याला दोन-तीनदा झकास आपटतो आणि मग? राष्ट्रीय संघातला माणूस मेला. ती अलिखित रीत आठवतेय ना?

आपल्याकडे कोण?

अक्षय कुमार बँकॉकला जाऊन मुय थाई शिकला, मुंबईत शिकवायचा. विद्युत जामवालची कलरीपयट्टू लहानपणापासूनची, पालक्काडची. दोघांचं अंग खरं बोलतं. पण स्पर्धेतून आलेलं नाव हवं असेल तर मुंबईची रितिका सिंग. आधी किकबॉक्सर आणि सुपर फाइट लीगमधली फायटर, मग २०१६ च्या ‘साला खडूस’मध्ये बॉक्सर. त्या भूमिकेची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. त्या सिनेमात तिने नुसतं उभं राहताना वजन कुठल्या पायावर टाकलंय ते पाहा, पुढचं सांगायची गरज नाही.

आणि दारा सिंग. १९५४ चा रुस्तम-ए-हिंद, १९६८ ला मुंबईत लू थेझ या नामांकित अमेरिकन पैलवानाला हरवणारा. त्या काळच्या फ्रीस्टाइल दंगलींत तमाशा किती आणि कुस्ती किती, यावर तालमीतले जुने लोक अजून भांडतात. पण त्या मानेला हात घालायची हिंमत या पानावरच्या हिरोंपैकी किती जणांत असती, याचा विचार करून पाहा.

सिनेमा बघताना खरा लढलेला माणूस ओळखायचा कसा?

कान बघा. मॅटवर आणि मातीत घासून मोडलेला, रक्त साकळून भजीसारखा झालेला कान मेकअपवाले करून देत नाहीत. ‘एक्स्पेंडेबल्स’मध्ये रँडी कूटूरचं पात्र आपल्या कानाबद्दलच बोलत बसतं. तो कान यूएफसीचे दोन वजनगट जिंकलेल्या माणसाचा अस्सल कान आहे. आणि वेगावर भाळू नका. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २० किंवा २२ चौकटींनी चालवला की माझे काकासुद्धा वीज वाटतील.

तुमचा स्वतःचा रेकॉर्ड काय?

एक लढत, एक हार. ब्राउन बेल्ट होतो, कातामध्ये जिल्ह्यात दुसरा, आणि खोलीत भिंतीवर लीचं पोस्टर. शेजारच्या बॉक्सिंग क्लबात कुणीतरी म्हणालं, ये की दोन मिनिटं. समोर आठ महिने शिकलेला, नळाची कामं करणाऱ्याकडे हाताखाली असलेला पोरगा. मी छान उंच लाथ मारली. तो एक पाऊल आत आला आणि माझ्या पोटात काहीतरी बसलं. त्यानंतर हात छातीच्या वर येईनात, हेडगार्डच्या आत फक्त माझाच श्वास ऐकू येत होता, आणि मला वाटलं राउंड संपत आला असेल. कोपऱ्यातून आवाज आला, ‘चाळीस सेकंद झाले.’

पोस्टर काढलं नाही. त्या पोराने नंतर माझ्या घरचा गळका नळही बसवून दिला, पैसे घेतले नाहीत.